शोध-जाहिरातीतील स्थान

शोध-जाहिरातीतील स्थान म्हणजे शोधयंत्राच्या निकालपानावर एखाद्या सशुल्क जाहिरातीला मिळणारा क्रम व जागा होय. ज्या जाहिरातपद्धतीत जाहिरात दिसल्याबद्दल नव्हे, तर तिच्यावर वाचकाने टिचकी मारल्याबद्दल पैसे आकारले जातात, तिला 'पे पर क्लिक' किंवा टिचकीमागे मोल असे म्हणतात. या पद्धतीत प्रत्येक शोधाच्या वेळी स्वतंत्र लिलाव होतो आणि त्या लिलावातून जाहिरातींचा क्रम ठरतो. सर्वांत वरची जागा सर्वांत लाभदायक असते, हा समज व्यापक असला तरी तो नेहमी खरा ठरत नाही. योग्य स्थानाची निवड हा मुळात खर्च, नफा आणि शोधणाऱ्याचा हेतू यांच्या मेळाचा प्रश्न आहे.

भारतात या विषयाला व्यापाराखेरीज कायद्याचीही बाजू आहे. कोणत्या जाहिरातीला कोणते स्थान मिळावे याइतकाच, कोणत्या जाहिरातीला मुळीच स्थान मिळू नये, हा प्रश्नही येथे महत्त्वाचा ठरला आहे. गर्भलिंगनिदानाच्या जाहिरातींविषयीच्या सर्वोच्च न्यायालयातील खटल्यामुळे आणि २०११ च्या जनगणनेतील बालिका-प्रमाणामुळे महाराष्ट्रातील बीड जिल्ह्याच्या संदर्भात हा प्रश्न विशेष गंभीर आहे.

इतिहास

शोधनिकालातील जागा बोली लावून विकण्याची कल्पना अमेरिकेतील उद्योजक बिल ग्रॉस यांच्या 'गो-टू डॉट कॉम' या संकेतस्थळाने १९९८ मध्ये व्यवहारात आणली. या पद्धतीत जो अधिक बोली लावील त्याची जाहिरात वर, असा सरळ नियम होता. ही कंपनी २००१ मध्ये 'ओव्हर्चर' या नावाने ओळखली जाऊ लागली आणि २००३ मध्ये याहूने ती विकत घेतली.

गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये 'ॲडवर्ड्स' ही सेवा सुरू केली. आरंभी तीत जाहिरात किती वेळा दिसली यावर आकारणी होत असे. फेब्रुवारी २००२ मध्ये टिचकीमागे आकारणी आली. त्यासोबत दुसरा बदलही आला. क्रम ठरविताना केवळ बोली न पाहता, जाहिरातीवर किती वाचक टिचकी मारतात हेही विचारात घेतले जाऊ लागले. जुलै २०१८ मध्ये या सेवेचे नाव 'गूगल ॲड्स' झाले.

फेब्रुवारी २०१६ मध्ये गूगलने संगणकावरील निकालपानाच्या उजव्या बाजूच्या मजकूर-जाहिराती बंद केल्या. तेव्हापासून अशा जाहिराती निकालांच्या वर (जास्तीत जास्त चार) आणि निकालांच्या खाली, अशा दोनच भागांत दिसू लागल्या. बाजूच्या स्तंभातील तुलनेने स्वस्त जागा नाहीशी झाल्याने वरच्या मोजक्या जागांसाठीची चुरस वाढली.

लिलावाची कार्यपद्धती

शोध-जाहिरातीचा लिलाव बाजार समितीतील लिलावापेक्षा दोन बाबतींत वेगळा असतो. बाजार समितीत माल एकच असतो आणि तो सर्वाधिक भाव देणाऱ्याला मिळतो. येथे जागा अनेक असतात आणि सर्वाधिक भाव देणाऱ्याला पहिली जागा मिळेलच असे नाही.

जाहिरातीचा क्रमांक मुख्यतः बोली आणि गुणवत्ता यांच्या एकत्रित मूल्यावर ठरतो. गुणवत्तेत तीन गोष्टी प्रामुख्याने पाहिल्या जातात: जाहिरातीवर टिचकी पडण्याची शक्यता, शोधलेल्या शब्दांशी जाहिरातीचा असलेला संबंध आणि टिचकीनंतर उघडणाऱ्या पानाची उपयुक्तता. याशिवाय शोधणाऱ्याचे ठिकाण, उपकरण, वेळ आणि जाहिरातीसोबत जोडलेली पूरक माहिती यांचाही परिणाम होतो. ठरावीक किमान मूल्य न गाठणारी जाहिरात दाखविलीच जात नाही.

जाहिरातदाराला सामान्यतः स्वतःची पूर्ण बोली भरावी लागत नाही. आपल्या खालच्या स्पर्धकाला मागे ठेवण्यासाठी जेवढी आवश्यक तेवढीच रक्कम त्याला द्यावी लागते. अर्थशास्त्रात या रचनेला 'सामान्यीकृत द्वितीय-किंमत लिलाव' म्हणतात. बेंजामिन एडेलमन, मायकेल ऑस्ट्रोव्स्की व मायकेल श्वार्त्झ यांनी तसेच हॅल व्हेरियन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखांतून तिचे सैद्धांतिक विवेचन झाले.

एका कल्पित उदाहरणाने ही रचना स्पष्ट होते. क्ष, य आणि ज्ञ या तीन जाहिरातदारांच्या बोली अनुक्रमे २०, १२ व १५ रुपये आहेत आणि त्यांची गुणवत्ता अनुक्रमे ४, ९ व ५ आहे, असे मानू. दोहोंचा गुणाकार अनुक्रमे ८०, १०८ व ७५ येतो. त्यामुळे सर्वांत कमी बोली लावणारा य पहिल्या जागी येतो. त्याला टिचकीमागे सुमारे ८ रुपये ८९ पैसे पडतात, कारण क्षच्या ८० या मूल्याला त्याच्या ९ या गुणवत्तेने भागले जाते. दुसऱ्या जागेवरील क्षला मात्र ७५ भागिले ४, म्हणजे सुमारे १८ रुपये ७५ पैसे मोजावे लागतात. प्रत्यक्ष गणित यापेक्षा गुंतागुंतीचे असते; तथापि जाहिरात आणि पान सुधारणे हे बोली वाढविण्यापेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते, हे त्यातून दिसते.

स्थानाचे मोजमाप

पूर्वी जाहिरातदाराला 'सरासरी स्थान' हा आकडा दिला जात असे. हा आकडा फसवा होता. पहिला क्रमांक म्हणजे पानाच्या शिरोभागीची जागा, असे जाहिरातदार समजत. पण निकालांच्या वर एकही जाहिरात नसेल, तर तळाच्या पहिल्या जाहिरातीलाही पहिलाच क्रमांक मिळे. शिवाय निम्म्या वेळा पहिली आणि निम्म्या वेळा सातवी दिसलेली जाहिरात सरासरीने चौथी ठरे, जरी ती चौथ्या जागी कधीच दिसली नसली तरी.

गूगलने ३० सप्टेंबर २०१९ पासून हे मापन बंद केले. त्याऐवजी एकूण दर्शनांपैकी किती दर्शने वरच्या भागात झाली आणि किती अगदी पहिल्या जागी झाली, अशी दोन प्रमाणे दिली जातात. याशिवाय जाहिरात जितक्या वेळा दिसू शकली असती त्यांपैकी किती वेळा दिसली, याचा वाटाही कळतो. जाहिरातदार आता विशिष्ट क्रमांक मागू शकत नाही. पानावर कोठेही, वरच्या भागात किंवा अगदी पहिल्या जागी ठरावीक वाटा मिळावा, असे उद्दिष्ट मात्र तो ठेवू शकतो.

योग्य स्थानाची निवड

योग्य स्थान ठरविण्याचा मूळ प्रश्न 'वरची जागा परवडते काय?' हा नसून 'वर चढण्यासाठी द्यावा लागणारा जादा पैसा जादा विक्रीतून परत येतो काय?' हा आहे. बीड शहरातील ठिबक सिंचन साहित्याच्या एखाद्या दुकानाचे कल्पित उदाहरण घेता येईल. १०० टिचक्यांतून ५ गिऱ्हाइके मिळतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकामागे २२० रुपये नफा होतो, असे मानल्यास एका टिचकीचे मोल ११ रुपये येते. एका आठवड्याचा हिशेब पुढीलप्रमाणे आहे:

पहिले स्थान: १०० टिचक्या, प्रत्येकी १४ रुपये, खर्च १,४०० रुपये, नफा १,१०० रुपये, निव्वळ तोटा ३०० रुपये.

दुसरे स्थान: ७० टिचक्या, प्रत्येकी ९ रुपये, खर्च ६३० रुपये, नफा ७७० रुपये, निव्वळ शिल्लक १४० रुपये.

तिसरे स्थान: ४५ टिचक्या, प्रत्येकी ६ रुपये, खर्च २७० रुपये, नफा ४९५ रुपये, निव्वळ शिल्लक २२५ रुपये.

दुसऱ्या स्थानावर टिचकी ९ रुपयांना पडते आणि तिचे मोल ११ रुपये आहे. म्हणून ते स्थान किफायतशीर भासते. परंतु तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना मिळालेल्या २५ जादा टिचक्यांसाठी ३६० रुपये जादा गेले. म्हणजे त्यांतील प्रत्येक टिचकी १४ रुपये ४० पैशांना पडली. सरासरी खर्च पाहणाऱ्याच्या नजरेतून हा तोटा निसटतो. म्हणून सरासरी खर्चापेक्षा वाढीव खर्च पाहणे महत्त्वाचे मानले जाते.

वरच्या जागी टिचक्या अधिक मिळतात. पण वरच्या जागेवरील टिचकी खालच्या जागेवरील टिचकीपेक्षा अधिक गिऱ्हाइके देते, असे दिसत नाही. गूगलचे तत्कालीन मुख्य अर्थतज्ज्ञ हॅल व्हेरियन यांनी २००९ मध्ये मांडलेल्या विश्लेषणानुसार टिचकीचे खरेदीत रूपांतर होण्याचे प्रमाण स्थानानुसार फारच थोडे बदलते. याचा अर्थ जागा बदलली म्हणून एका टिचकीचे मोल वाढत नाही. वाढते ती टिचक्यांची संख्या आणि किंमत.

तरीही काही प्रसंगी पहिली जागाच योग्य ठरते. पंक्चर, रुग्णवाहिका, पाण्याचा टँकर किंवा मोटार दुरुस्ती यांसारख्या तातडीच्या गरजांमध्ये शोधणारा पहिल्याच क्रमांकाला दूरध्वनी करतो. स्वतःच्या दुकानाचे वा संस्थेचे नाव शोधले गेल्यास त्या नावावर प्रतिस्पर्ध्याची जाहिरात वर येऊ नये, अशीही इच्छा असते. उलट ट्रॅक्टर, शिकवणी वर्ग, भूखंड यांसारख्या विचारपूर्वक केल्या जाणाऱ्या निवडीत वाचक अनेक दुवे पाहतो. तेथे दुसरी-तिसरी जागा पुरेशी ठरू शकते. भ्रमणध्वनीचा पडदा लहान असल्याने खालची जाहिरात पाहण्यासाठी पान सरकवावे लागते. म्हणून संगणक व भ्रमणध्वनी यांचा हिशेब स्वतंत्रपणे ठेवणे हितावह असते.

शोधशब्द आणि स्थाननिर्धारण: बीडचे उदाहरण

चुकीच्या शोधावर मिळालेले पहिले स्थान निरुपयोगी असते. बीड या नावाच्या बाबतीत ही अडचण ठळकपणे जाणवते. मराठीत 'बीड' म्हणजे ओतीव लोखंडही होय. त्यामुळे बिडाचा तवा किंवा बिडाची कढई शोधणारी व्यक्ती आणि बीड शहरातील दुकान शोधणारी व्यक्ती एकाच शब्दाभोवती येतात. 'बीड बायपास' हा छत्रपती संभाजीनगर शहरातील गजबजलेला भाग आहे. तेथील सदनिका शोधणाऱ्याचा बीड शहराशी संबंध असेलच असे नाही. हिमाचल प्रदेशातील पॅराग्लायडिंगसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाचे नावही हिंदीत 'बीड़' असे लिहिले जाते. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत जिल्ह्याचे नाव 'भीर' किंवा 'बिड' अशा वर्णरचनांनी आढळते आणि यांतील दुसऱ्या रचनेचा इंग्रजीतील अर्थ नेमका 'बोली लावणे' असा होतो.

अशा ठिकाणी 'तवा', 'कढई', 'बायपास', 'बिलिंग' यांसारखे शब्द वर्ज्य शब्दांच्या यादीत टाकले जातात. त्या शब्दांसह शोध झाल्यास जाहिरात लिलावातच उतरत नाही.

स्थाननिर्धारणाचा प्रश्नही असाच आहे. गूगल ॲड्समध्ये एखादे ठिकाण निवडल्यास, मूळ मांडणीनुसार, त्या ठिकाणी असलेल्या लोकांसोबत त्या ठिकाणाविषयी रस दाखविणाऱ्या बाहेरच्या लोकांनाही जाहिरात दिसते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी मोठ्या संख्येने ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. शिक्षण व नोकरीसाठी पुण्यात स्थायिक झालेल्यांची संख्याही मोठी आहे. गेवराईतील किराणा दुकानदाराला पुण्यात पडलेली टिचकी उपयोगाची नाही. परंतु अंबाजोगाईतील मंगल कार्यालयाला किंवा बीडमधील भूखंडविक्रेत्याला तीच टिचकी मोलाची असू शकते, कारण लग्न आणि घर यांसाठी माणूस गावाकडे परततो. म्हणून हा पर्याय ठेवावा की काढावा, हे व्यवसायाच्या स्वरूपावर अवलंबून असते.

भारतातील कायदेशीर घडामोडी

भारतीय स्पर्धा आयोगाने ८ फेब्रुवारी २०१८ रोजी मॅट्रिमनी डॉट कॉम व कट्स या संस्थेच्या तक्रारींवर निर्णय देताना शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मात्र ॲडवर्ड्सच्या जाहिरात-लिलावाबाबतच्या आक्षेपांत आयोगाला कायद्याचा भंग आढळला नाही.

दुसऱ्याच्या व्यापारचिन्हावर बोली लावून वरचे स्थान मिळवावे काय, या प्रश्नावर दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने १० ऑगस्ट २०२३ रोजी गूगल विरुद्ध डीआरएस लॉजिस्टिक्स या प्रकरणात निकाल दिला. व्यापारचिन्ह शोधशब्द म्हणून वापरणे हा त्या चिन्हाचा जाहिरातीतील वापरच होय. तथापि ग्राहकाची दिशाभूल होत नसेल, तर तेवढ्याने उल्लंघन होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. गूगल ही या व्यवहारात निष्क्रिय मध्यस्थ नसून सक्रिय सहभागी आहे, असेही न्यायालयाने नोंदविले.

परदेशी कंपन्यांना ऑनलाइन जाहिरातींसाठी दिल्या जाणाऱ्या रकमेवर १ जून २०१६ पासून ६ टक्के समानीकरण शुल्क लागू होते. ते १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. अमेरिकेत ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी सर्वसाधारण शोधसेवा आणि शोधातील मजकूर-जाहिराती या दोन्ही बाजारपेठांत गूगलने बेकायदेशीरपणे मक्तेदारी टिकविल्याचा निर्णय दिला. स्पर्धेचा धाक नसल्याने मजकूर-जाहिरातींचे दर वाढविणे गूगलला शक्य झाले, हा त्या निकालातील महत्त्वाचा भाग होता. लिलावात भाव स्पर्धक ठरवितात, हे खरे असले तरी लिलावाचे नियम एकच पक्ष ठरवितो, हे त्यातून अधोरेखित झाले.

स्थान नाकारण्याचा प्रश्न: गर्भलिंगनिदानाच्या जाहिराती

गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदानतंत्र (लिंगनिवडीस प्रतिबंध) अधिनियम, १९९४ च्या कलम २२ नुसार लिंगनिदान वा लिंगनिवडीच्या सुविधेची कोणत्याही स्वरूपातील जाहिरात करण्यास बंदी आहे. या कलमात आंतरजालाचा स्पष्ट उल्लेख आहे. उल्लंघनास तीन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

शोधयंत्रांवर अशा जाहिराती दिसत असल्याची तक्रार घेऊन साबू मॅथ्यू जॉर्ज यांनी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्या प्रतिवादी होत्या. कलम २२ चा भंग करणारी जाहिरात करू नये वा प्रायोजित करू नये, असा अंतरिम आदेश न्यायालयाने २८ जानेवारी २०१५ रोजी दिला. सप्टेंबर २०१६ मध्ये ठरावीक शोधशब्द आपोआप रोखण्याची व्यवस्था न्यायालयासमोर आली. १६ नोव्हेंबर २०१६ च्या आदेशाने तक्रारींसाठी केंद्रीय यंत्रणा नेमण्याचे ठरले आणि तिने कळविल्यापासून ३६ तासांत मजकूर काढण्याचे बंधन शोधयंत्र कंपन्यांवर आले. १३ डिसेंबर २०१७ रोजी याचिका निकाली निघाली.

बीड जिल्ह्यासाठी हा खटला दूरचा नव्हता. जनगणनेनुसार जिल्ह्यातील शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ८९४ होती. ती २०११ मध्ये ८०७ वर आली. हा आकडा त्या वेळी राज्यात सर्वांत कमी होता. २०१२ मध्ये परळी येथे बेकायदेशीर गर्भपातादरम्यान एका महिलेचा मृत्यू झाल्याने जिल्ह्यातील स्थितीकडे साऱ्या देशाचे लक्ष वेधले गेले. त्या प्रकरणात २०१९ मध्ये बीडच्या न्यायालयाने संबंधित डॉक्टर दांपत्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

परळीतील व्यवहार आंतरजालावरील जाहिरातींवर चालत होता, असे म्हणता येत नाही. अशा गोष्टी मुख्यतः मध्यस्थांमार्फत आणि तोंडी ओळखीने पसरतात. परंतु लिलावाच्या रचनेतील धोका याच ठिकाणी स्पष्ट होतो. लिलाव मागणी मोजतो, योग्यायोग्यता नाही. ज्या सेवेसाठी माणूस कितीही पैसे द्यायला तयार असतो, तिचा विक्रेता सर्वांत मोठी बोली लावू शकतो. आणि शोधणाऱ्याला नेमके तेच हवे असल्याने टिचक्याही भरपूर पडतात. बोली आणि गुणवत्ता या दोन्ही निकषांवर अशी जाहिरात वरच चढेल. म्हणून तिला रोखण्याचे काम लिलावावर सोपविता येत नाही. ते लिलावापूर्वीच्या नियमाने करावे लागते.

शब्दयादीलाही मर्यादा आहेत. एकच प्रश्न देवनागरीत, रोमन लिपीतील मराठीत किंवा आडवळणाच्या बोलीभाषेत विचारता येतो. इंग्रजी शब्दांवर बेतलेली यादी मराठी शोधापुढे अपुरी पडू शकते. दुसरीकडे यादी अतिव्यापक झाल्यास कायद्याची माहिती, लेकीच्या जन्माविषयीच्या जनजागृतीचा मजकूर आणि गर्भारपणातील आवश्यक तपासण्यांची माहितीही अडण्याची शक्यता असते.

फसव्या जाहिराती

वरचे स्थान म्हणजे विश्वासार्हता, हा वाचकांचा समज फसवणुकीसाठीही वापरला जातो. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये यात्रेकरू व पर्यटकांना बनावट आरक्षण-संकेतस्थळांविषयी सावध केले. त्यात शोधयंत्रांवरील सशुल्क जाहिरातींचाही उल्लेख होता. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानल्या जाणाऱ्या परळी वैजनाथला येणाऱ्या भाविकांच्या दृष्टीने ही सूचना महत्त्वाची आहे. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदविता येते. जाहिरात आहे हे लपवून मजकूर दाखविणे ही ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ग्राहकांना फसविणाऱ्या निषिद्ध क्लृप्त्यांपैकी एक आहे.

मूल्यमापन

शोध-जाहिरातीतील स्थान ही एकाच वेळी तीन पक्षांची बाब आहे. जाहिरातदाराच्या दृष्टीने ते खर्च आणि नफा यांचे गणित आहे. त्यात सर्वांत वरची जागा हे साध्य नसून अनेक पर्यायांपैकी एक पर्याय आहे. शोधयंत्राच्या दृष्टीने ते उत्पन्नाचे साधन आहे. त्यामुळे जाहिरातदाराने अधिक बोली लावावी, यात त्याचे हित असते आणि त्याच्याकडून येणाऱ्या शिफारशी त्या दृष्टीनेच तपासून पाहाव्या लागतात. वाचकाच्या दृष्टीने 'प्रायोजित' हा लहानसा शब्द ही एकमेव खूण असते. ती खूण ओळखता येणे हे लहान गावांत, जेथे भ्रमणध्वनीवरील पहिला दुवा हाच पुष्कळदा पहिला सल्लागार असतो, साक्षरतेचाच एक भाग ठरते.

हेही पाहा

शोधयंत्र
गूगल ॲड्स
लिलाव
भारतीय स्पर्धा आयोग
गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा
बीड जिल्हा